धूळ खाणारे प्रोजेक्टर आणि शिक्षकांवरचा आळ

शाळेच्या कपाटात बंद पडलेल्या प्रोजेक्टरचे किंवा कापडाखाली झाकलेल्या संगणकांचे छायाचित्र आणि त्याखाली संतापाचा मजकूर, असा संदेश दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. शासनाने आणि कंपन्यांनी जिल्हा परिषद शाळांना भरपूर उपकरणे दिली, पण शिक्षकांना नवे काही शिकायचेच नसल्यामुळे ती धूळ खात पडली. कमतरता निधीची नाही, इच्छेची आहे. ज्याला तळमळ असते तो डिसले गुरुजींसारखा स्वतःच मार्ग काढतो. तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणखी पैसा न घालता टॅब थेट मुलांच्या हातात द्यावेत. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत शाळेविषयी खरी आस्था असलेली माणसेही असतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा धुळीचा. उपकरणे पडून राहतात, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चुकते ते कारण. मी पाहिलेल्या एका द्विशिक्षकी शाळेतला प्रोजेक्टर दीड वर्ष चांगला चालला. नंतर कमी-जास्त दाबाच्या विजेमुळे आधी यूपीएसची बॅटरी बसली आणि मग प्रोजेक्टरचा दिवा गेला. पुरवठादाराची हमी संपलेली होती आणि दुरुस्तीचे दुकान जिल्ह्याच्या ठिकाणी होते. दिव्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे मुख्याध्यापकांना कोणी सांगू शकले नाही. वस्तू मात्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदीत, चढलेली होती. त्यामुळे ती टाकून देता येत नव्हती, कोणाला देऊन टाकता येत नव्हती आणि चोरीला गेली असती तर जबाबदारी मुख्याध्यापकांवरच आली असती. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीकडे जाऊन मंजूर होईपर्यंत बंद वस्तू सांभाळून ठेवणे हेच नियमाप्रमाणे वागणे असते. संदेशातल्या छायाचित्रात जे कुलूपबंद कपाट दिसते, त्याच्या आत अनेकदा हीच हकिकत असते, आणि ती छायाचित्रात दिसत नाही.

विजेचे तर वेगळेच. कित्येक वर्षे शाळांना वाणिज्यिक दराने वीजबिल येत असे. २०१२ मध्ये वीजदरांत सार्वजनिक सेवांसाठी स्वतंत्र वर्गवारी आली आणि दराचा भार काहीसा हलका झाला. पण मे महिन्यात शाळा बंद असतानाही स्थिर आकार लागतोच, थकबाकी साचत जाते आणि एक दिवस जोडणी तोडली जाते. वीज नसलेल्या शाळेत संगणक का चालत नाही, असा प्रश्न शिक्षकाला विचारण्यापूर्वी ते बिल कोणी भरायचे होते, हे विचारायला हवे.

दुसरा दावा निधी मुबलक असल्याचा. येथे आकडेच बोलतात, म्हणून थोडे सविस्तर. समग्र शिक्षा अभियानाच्या मापदंडांनुसार शाळेला दरवर्षी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर, ठरते : ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार. या रकमेतून खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, पिण्याचे पाणी आणि वीजबिल भागवायचे असते, शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखून ठेवावे लागतात. वाडी-वस्तीवरच्या वीस मुलांच्या शाळेला यातून इंटरनेटची मासिक जोडणी घ्यायची आणि बॅटरी बदलायची असेल, तर दुसऱ्या कोणत्या गरजेवर काट मारायची, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

तंत्रज्ञानासाठी वेगळी तरतूद आहे, असे यावर उत्तर येते. ती आहे, पण सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी. त्या मापदंडांनुसार संगणक प्रयोगशाळेसाठी एकदाच ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतच्या शाळा, म्हणजे ग्रामीण महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा फार मोठा भाग, या घटकाच्या बाहेरच राहतो. शिवाय हे आकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाच वर्षांचा आवर्ती खर्च १२ लाख होतो, म्हणजे मूळ खरेदीच्या जवळजवळ दुप्पट. उपकरण विकत घेणे हा खर्चाचा लहान भाग आहे आणि ते चालते ठेवणे, त्यावर माणूस ठेवणे, जोडणी चालू ठेवणे हा मोठा भाग आहे, हे शासनाच्या स्वतःच्याच मापदंडाने मान्य केलेले आहे. प्राथमिक शाळेला देणगीतून उपकरण मिळते, तेव्हा नेमका हा मोठा भाग कोणाच्याच हिशेबात नसतो. मग तो शिक्षकाच्या खिशातून जातो, किंवा जात नाही आणि उपकरण बंद पडते.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात एका शिक्षकाचे कौतुक बाकीच्यांना खाली दाखवण्यासाठी वापरले जाते. रणजितसिंह डिसले यांचे काम मोठे आहे, यात शंका नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांपर्यंत ध्वनिफिती, चित्रफिती आणि स्वाध्याय पोहोचवले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली. पण त्यांची कल्पना परितेवाडीबाहेर गेली ती कशी? २०१७ मध्ये राज्याने क्यूआर कोड पाठ्यपुस्तकांतच छापण्याचे ठरवले. त्यानंतर गडचिरोलीच्या शिक्षकाला स्वतः कोड तयार करण्याची, छापण्याची आणि चिकटवण्याची गरज राहिली नाही; तो पुस्तकाबरोबर घरपोच आला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या केंद्र शासनाच्या डिजिटल शैक्षणिक मंचामुळे त्या कोडमागचा आशय ठेवायला एक सार्वजनिक जागाही मिळाली. एका शिक्षकाच्या तळमळीने वाट दाखवली. ती सर्वांना चालता आली, कारण एका संस्थेने तिचा खर्च आणि जबाबदारी घेतली. डिसले यांचे उदाहरण शिक्षकांना आधार देण्याच्या बाजूने आहे, विरोधात नाही.

लोकवर्गणीचेही तसेच. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची आदिवासी वस्तीतली शाळा डिजिटल झाली आणि त्यानंतर राज्यभर गावोगावी लोकसहभागातून प्रोजेक्टर, संगणक संच, टॅब आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द त्याच काळात रुळला आणि त्या शिक्षकांनी रात्री जागून स्वतः चित्रफिती केल्या, ब्लॉग लिहिले, एकमेकांना शिकवले. शिक्षकांना तंत्रज्ञान नको असते, या विधानाला यापेक्षा मोठे उत्तर देण्याची गरज नाही. पण वर्गणी गावाच्या ऐपतीवर चालते. बागायती गावात एका सभेत लाख रुपये जमू शकतात. दिवाळीनंतर निम्मे पालक ऊसतोडीला जातात त्या बीड जिल्ह्यातल्या तांड्यावर ते कसे जमावेत? लोकसहभाग हा पूरक असेल तर उत्तम आहे. तोच मुख्य निधी झाला, तर जिथे मुलांना सर्वाधिक गरज आहे तिथेच सर्वांत कमी साधने पोहोचतील.

प्रशिक्षणावरचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या अटीने शिक्षकांकडून प्रमाणपत्र मिळवून घेतले, वेतनवाढ त्याच्याशी जोडली, पण चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना संगणकाचा काय उपयोग, हे त्यात कोठेच नव्हते. सभागृहात दीडशे जणांना एकाच पडद्यावर दाखवलेल्या दिवसभराच्या सादरीकरणातूनही फार काही हाती लागत नाही. मात्र यावरून प्रशिक्षणच नको, हा निष्कर्ष निघत नाही. वेगळे प्रशिक्षण हवे, हा निघतो. जवळपासच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होते; त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. तिथे एखाद्या सहकाऱ्याने आपल्याच वर्गातला पाठ करून दाखवला, बाकीच्यांनी तो पुढच्या काही आठवड्यांत करून पाहिला आणि पुढच्या परिषदेत अडचणी मांडल्या, तर शिक्षक शिकतो, कारण प्रश्न त्याच्या वर्गातला असतो आणि उत्तर देणारा त्याच परिस्थितीत काम करणारा असतो. अनेक केंद्रांत आज त्या परिषदेचा वेळ माहिती भरण्याच्या सूचनांत जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे; तरी दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण मतदारयादीच्या कामावर असेल, तर दुसऱ्याने चार इयत्ता सांभाळत नवे साधन कधी आत्मसात करायचे? वेळ हाही निधीच आहे, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

सर्व शिक्षकांना उत्साह असतो, असे मी म्हणत नाही. टाळाटाळ करणारे आहेत, निवृत्तीची वाट पाहणारे आहेत. पण धोरण त्यांना समोर ठेवून आखले, तर करू पाहणाऱ्या बहुसंख्यांची अडचण तशीच राहते.

शेवटचा दावा सर्वांत महागात पडणारा आहे : शिक्षकाला वगळा, उपकरण थेट मुलाला द्या. हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कार्यक्रमाखाली लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकांची संख्या दर मुलामागे एकाहून अधिक झाली होती, पण गणित आणि भाषेतल्या प्रगतीत फरक आढळला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही पेरूचे हेच उदाहरण दिले आहे : साधने पोहोचली, अध्यापनात मिसळली नाहीत. त्या कार्यक्रमाचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या लहानशा शाळेत झाला होता, हे येथे अनेकांना आठवत असेल.

याउलट जिथे फायदा दिसला, तिथे काय होते? वडोदऱ्यात गुजरात शासनाने महापालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि लहान मुले ते जवळजवळ वापरतच नव्हती. ‘प्रथम’ या संस्थेने स्थानिक तरुणांना तयार करून चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, गणिताचे खेळ सोडवायला बसवले. गणितात ठळक सुधारणा झाली. यंत्रे तीच होती. मुलांच्या शेजारी जबाबदार माणूस आणि ठरलेला वेळ, एवढेच नवे होते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्या सुधारणेचा बराचसा भाग ओसरला, हेही सांगितले पाहिजे. एकदा केले की झाले, असे हे काम नाही. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. कार्यक्रम प्रत्येकाच्या पातळीवरून प्रश्न देत होता आणि साडेचार महिन्यांत मुलांनी चांगली झेप घेतली. मात्र त्या दीड तासाच्या सत्रात ४५ मिनिटे संगणक होता आणि ४५ मिनिटे लहान गटात माणूस शिकवत होता, हे तपशील संदेशांत कधी येत नाहीत. आणि गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, चांगल्या शिकवण्याच्या जागी संगणकाचा तास ठेवल्यावर मुले मागे पडली, तोच तास शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिल्यावर त्यांना लाभ झाला.

म्हणून ज्यांना खरोखर मदत करायची आहे, त्यांच्यासाठी काही मार्ग आजच खुले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरता येणारा, होता आणि शिक्षण हा पंचायतींच्या २९ विषयांपैकी एक आहे. शाळेचे वीजबिल आणि इंटरनेट ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायद्याने ठरवलेले काम आहे; त्या आराखड्यात खरेदीच्या ओळीखाली दुरुस्तीची ओळ असलीच पाहिजे, असा आग्रह पालक धरू शकतात. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून पहिल्या वर्षासह एकूण चार वर्षांपर्यंतचा चालू प्रकल्प घेण्याची मुभा २०२१ च्या नियमांनी दिली आहे. तेव्हा उद्घाटनाची फीत कापून निघून जाण्याऐवजी देणगीदाराने करारातच चार वर्षांची देखभाल, तालुक्यात उपलब्ध असलेला दुरुस्ती करणारा माणूस आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या सरावाचे तास लिहून द्यावेत. वीस शाळांना उपकरणे देण्याइतका पैसा असेल, तर तो आठ शाळांत चार वर्षे पुरवावा. आणि कोणते उपकरण घ्यायचे, हे निविदा निघण्यापूर्वी त्या शाळांतल्या शिक्षकांना विचारावे. कोणत्या वर्गात ऊन येऊन पडदा दिसत नाही आणि वीज कोणत्या तासाला जाते, हे त्यांनाच ठाऊक असते.