नुसतं गेट उघडून भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

टाकीत ठेवलेल्या डॉल्फिनला गेटमधून मोठ्या जागेत, खाडीत जायला कसं शिकवायचं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "मासा दाखवून डॉल्फिनला मोठ्या जागेत जायला शिकवायचं म्हणजे परत सर्कसच, तो समुद्राचा प्राणी आहे, गेट उघडा आणि बाजूला व्हा." तुमचा राग कळतो, त्यातला बराचसा माझाही आहे, म्हणून दोन ओळीत न उरकता नीट लिहितेय.

गेट उघडलं की डॉल्फिन जाईलच असं धरून चालता येत नाही हो. पॅसिफिकमधल्या ट्यूना मासेमारीत गोल वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यात डॉल्फिनही सापडायचे, जाळ्याची कड पाण्यावर तरंगत असायची, एक उडी मारली की सुटका, आणि हे मोकळ्या समुद्रात वाढलेले प्राणी, तरी ते उडी मारायचे नाहीत, आतच गोळा होऊन थांबायचे आणि हजारोंनी मरायचे. बोट मागे घेऊन जाळ्याची कड पाण्याखाली बुडवायची युक्ती १९६० च्या आसपास निघाली, तेव्हा कुठे त्यांना बाहेर काढता यायला लागलं. मग टाकीतच जन्मलेल्याला अनोळखी गेट कसं वाटत असेल?

त्यात डॉल्फिन आवाजाने बघतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे बारा मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या साठाव्या भागात परत येतो. दोनशे मीटरच्या खाडीत त्यालाच पाव सेकंदाहून जास्त लागतो, आणि खाली काँक्रीटऐवजी वाळू, शेवाळ, हलणारे मासे. आयुष्यभर ओळखीची असलेली जागा एकदम गायब झाल्यासारखंच ते.

म्हणून ट्रेनिंग. गेटकडे नुसतं बघितलं तरी शिट्टी (म्हणजे 'बरोबर केलंस' अशी खूण) आणि मासा, मग काठीच्या टोकावरच्या टार्गेटला चोच लावायची, ते टार्गेट रोज थोडं पुढे सरकवायचं, अर्धं अंग पलीकडे गेलं आणि घाबरून वळला तर वळू द्यायचं, परत आल्यावरही मासा द्यायचा. आणि तो पलीकडे गेला म्हणून मागून गेट लावायचं नाही, कधीच नाही! एकदा लावलंत की त्याचा गेटवरचा विश्वास गेला, मग परत पहिल्यापासून सुरुवात. सोबतीचा धीट डॉल्फिन आधी गेला तर काम खूप सोपं होतं.

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य. उपाशी ठेवून पलीकडे ओढणं हे ट्रेनिंग नाही, जबरदस्तीच आहे, तो गेला काय न गेला काय, दिवसाचा खुराक पूर्ण मिळायलाच हवा. आधीच्या लेखात हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं, चूक माझी.

केइको या ऑर्काबद्दल (डॉल्फिनच्याच कुळातला मोठा काळा-पांढरा प्राणी) विचारलंत. १९७९ मध्ये अगदी लहान असताना पकडलेला, १९९८ मध्ये आइसलँडच्या क्लेट्सविक खाडीत आणला, २००२ मध्ये पोहत नॉर्वेपर्यंत गेला, पण तिथेही माणसांजवळच राहिला आणि २००३ मध्ये मरण पावला. त्याच खाडीसाठी २०१९ मध्ये शांघायहून दोन बेलुगा (पांढरे देवमासे) आणले, २०२० मध्ये खाडीत नेले आणि पुन्हा आतल्या टाकीत आणावे लागले. याला मी फसलं म्हणणार नाही, त्यांना अजून वेळ हवाय असं म्हणेन.

आणि टॉम-मिशा बघा ना, तुर्कस्तानच्या समुद्रातून पकडून हिसारोनूच्या एका घाणेरड्या पूलमध्ये ठेवलेले हे दोन डॉल्फिन. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांना तिथून सोडवून समुद्रातल्याच जाळीच्या कुंपणात ठेवलं, जिवंत मासे पकडायला शिकवलं, माणसांची सवय हळूहळू तोडली आणि मे २०१२ मध्ये सॅटेलाइट टॅग लावून मोकळं सोडलं. समुद्रातच जन्मलेल्या त्या दोघांना सुद्धा वीस महिने लागले.

शेवटी तुम्ही विचारलंय, एवढं शिकवूनही तो जुन्याच टाकीत परत येत राहिला तर? येऊ दे की. दुसऱ्या दिवशी सकाळी गेट परत उघडं ठेवायचं.