पास हाय काय?

कोल्हापुरात नाटकाची तिकिटं विकायला निघालेल्या माणसाला कुणी तोंडावर 'नको' म्हणत नाही. बसायला स्टूल देतात. चहा सांगतात. नाटक कसलं, कामं कोण करतंय, लेखक कुठल्या पेठेतला, सगळं विचारून घेतात. आणि आपण खिशातून पेन काढून तिकीट फाडणार एवढ्यात खांद्यावर हात ठेवून, अगदी घरच्यासारखं विचारतात, "पास हाय काय?"

मी पिग्मी एजंट. एका पतसंस्थेसाठी रोज संध्याकाळी महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी, चप्पल लाइन असा फिरतो. दुकानदार गल्ल्यातून पन्नास-शंभर काढतो, मी मशिनवर पावती काढतो, तो ती न बघता ड्रॉवरमध्ये टाकतो. आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मी तसा बिनमहत्त्वाचा माणूस. नटराजाच्या पूजेला नारळ आणणं, तालमीला चहा सांगणं आणि शेवटच्या क्षणी पोस्टमन गळाला तर पोस्टमन होणं, इतकंच. पण नवं नाटक ठरलं, तिकिटाची पुस्तकं छापून आली आणि दिग्दर्शकांनी सगळ्यांत जाड गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, "तुम्हाला बघून लोक गल्ला उघडतात. आम्हाला बघून बंद करतात." यात कौतुक किती आणि सुटका किती हे तपासायला सवड मिळाली नाही, कारण बाकीचे तोवर टाळ्या वाजवायला लागले होते.

नाटक हलकंफुलकं, प्रेमाचं. गंगावेशीतला एक म्हशीवाला तरुण आणि बदली होऊन आलेली जनावरांची डॉक्टर. म्हशीला काहीएक झालेलं नसतं. पण डॉक्टरीणबाईंचं दर्शन व्हावं म्हणून हा दर आठवड्याला म्हशीमागं एक नवा आजार लावतो. म्हैस रंगमंचावर येत नाही, विंगेतून नुसती हंबरते. लेखक आमच्यातलाच, इंजिनिअरिंगला असलेला पोरगा. संहिता मुंबईला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं जाऊन प्रमाणपत्र घेऊन आली. त्यांना हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. हरकती सगळ्या गुजरीपासून पुढं सुरू झाल्या.

पहिलेच सराफ म्हणाले, "प्रेमाचं हाय? मग पोरांना आणता यायचं न्हाई." पलीकडच्या गल्लीतले म्हणाले, "प्रेमाचं हाय? मग आम्ही म्हातारी माणसं येऊन काय करू, पोरांना पाठवतो. पोरांना पास हाय काय?" लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या व्यापाऱ्यानं कथा शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "म्हशीला काय झालेलंच न्हाई, मग ती बाई औषध कसलं देती?"

"टॉनिक देते."

"कंपनी कुठली?"

प्रेमकथेतल्या अडचणी मला सांगता आल्या असत्या. टॉनिकची कंपनी लेखकानं लिहिलेली नव्हती.

एका भांडीवाल्यांनी मात्र काही न विचारता दीडशे रुपये काढून दिले. मी तिकीट दिलं, त्यांनी ते सवयीनं ड्रॉवरमध्ये टाकलं. असा रसिक अजून शिल्लक आहे या आनंदात मी आमच्या ग्रुपवर त्यांचं दुकान, पाटी दिसेल असा फोटोसुद्धा टाकला. पुढच्या आठवड्यात त्यांनी पासबुक पुढं धरलं.

"ते दीडशे खात्यावर दिसंनात."

"ते नाटकाचे होते, मामा."

"असू देत की. व्याज किती बसतंय?"

"नाटक बघायचं, हेच व्याज."

"बरं. मग मुद्दल कधी मिळणार?"

सगळ्यांत सोज्वळ सबब होती ती केशवरावची. "केशवरावमध्ये असतं तर आलो असतो रं." या सबबीवर रागावता येत नाही, कारण ती बोलताना माणसाचा आवाज खरोखर उतरतो. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि दुसरा दिवस खुद्द केशवरावांच्या जयंतीचा होता. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. 1957 पासून केशवरावांच्या नावाचं. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान, म्हणजे एका भिंतीच्या अल्याड डाव आणि पल्याड तान. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडलेली माणसं मी बघितली आहेत. त्यातली काही आयुष्यात कधी तिकीट काढून आत गेलेली नव्हती, हेही मला माहीत आहे, आणि तरी त्यांचं रडणं खोटं नव्हतं. आगीनंतरच्या त्या हिवाळ्यात गावातले नाटकवाले पोटभाडेकरूसारखे जागा शोधत हिंडत होते. आम्हाला जे सभागृह मिळालं त्यात खांब फार होते. नाव सांगत नाही. पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायचं आहे.

मिरजकर तिकटीजवळ एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्याकडं गेलो तर त्यांनी मला खुर्चीत बसवून संयुक्त मानापमान सांगायला घेतलं. 8 जुलै 1921, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. बालगंधर्वांची भामिनी आणि आपल्या केशवरावांचा धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन धनी एका रंगमंचावर. "आणि तेही प्रेमाचंच नाटक, बरं का! तिकिटासाठी माणसांनी जीव टाकला होता, जीव." सांगता सांगता गुरुजींनी एक ओळ गाऊनही दाखवली. पुढं तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, असं म्हणून ते थांबले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. हाच तो क्षण म्हणून मी अलगद तिकीट पुढं केलं. गुरुजींनी ते माझ्या हातात परत ठेवून माझी मूठ बंद केली.

"मला तिकीट देतोस? मी रंगभूमीचा माणूस. मला पास द्यायचा."

त्यात प्रयोगाची तारीख निघाली नेमकी फुटबॉलच्या हंगामात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, पेठांचे दोन संघ, समोरासमोर. दिग्दर्शक शिकायला पुण्याला होते, त्यामुळं त्यांना या माहितीचं गांभीर्य पटकन कळलं नाही. "मॅच चारला, नाटक साडेआठला. अडचण काय आहे?" मंगळवार पेठेतल्या पानपट्टीवाल्यानं मला ती अडचण समजावून सांगितली. "जिंकलो तर मिरवणूक. हरलो तर मूड न्हाई."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तर मग येतो की. पास हाय काय?"

मी मनापासून बरोबरीची प्रार्थना केली. अंबाबाईला असलं मागणं घालणारा पेठेतला मी पहिलाच असेन.

घरी मात्र निराळाच प्रकार. बायकोनं माझ्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक नेलं आणि भिशीत एका दुपारी संपवून आणलं. मी विचारलं, नाटक काय आहे म्हणून सांगितलंस? ती म्हणाली, "नाटकाचं कशाला सांगू? हिरॉईन चार साड्या बदलती एवढं सांगितलं." संहितेत दोनच साड्या होत्या. त्या रात्री दिग्दर्शकांना फोन करून दोन वाढवून घ्याव्या लागल्या. जनावरांची डॉक्टर गोठ्यात पैठणी नेसून का जाते याचं कारण प्रेम असं ठरलं.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या तीन रांगा पासांनी भरल्या. मधोमध गुरुजी. त्यांच्या एका बाजूला कुणाचा तरी पुतण्या, दुसऱ्या बाजूला कुणाचाही कोण नसलेला पण सगळ्या नाटकांना पहिल्या रांगेत दिसणारा एक गृहस्थ. ज्यांनी पैसे मोजले होते ते मागं, खांबाआड. मॅच आमच्या पेठेनं जिंकली का हरली ते सांगत नाही, पण साडेआठची तिसरी घंटा नऊ वाजता झाली, कारण आमचा नायकच मिरवणुकीत अडकला होता. तो आला तेव्हा त्याच्या कानामागं गुलाल होता. रंगभूषावाल्यानं तो तसाच पसरवून गालाला लावला.

पहिला अंक बरा चालला. हशे ठरल्या जागी नव्हते, पण होते. गडबड झाली ती प्रेमाच्या कबुलीच्या प्रवेशात. निळा प्रकाश, मंद बासरी. नायक म्हणतो, "डॉक्टर, म्हस पान्हा चोरती असं मी सांगितलं, पण चोरी निराळीच झालीय." इथं शांतता हवी. त्या शांततेत लॅपटॉपवर बसलेल्या पोराचं बोट पडलं आणि म्हैस हंबरली. प्रेक्षागृह कोसळलं. हशा ओसरतो न ओसरतो तोच मागून, खांबापलीकडून, एक भारदस्त आवाज आला.

"पान्हा चोरतीय न्हवं? मग रेडकू सोड की आधी!"

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. गंगावेशीतले खरेखुरे म्हशीवाले मामा. पाच तिकिटं त्यांनी माझ्याकडून उधारीवर घेतली होती. नायकानं खरं तर ऐकलं न ऐकलं करायचं. पण त्याचं आजोळ गंगावेशीतलं. म्हशीबद्दल कुणी विचारल्यावर उत्तर न देणं त्याच्या रक्तात नाही. तो वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "रेडकू गेलं, मामा."

"अरारारा..." अख्ख्या सभागृहातून सुस्कारा निघाला. विंगेत लेखकानं डोकं धरलं. नाटकात रेडकू नव्हतंच, ते मरायचा प्रश्नच नव्हता. पण नायिका खमकी. दिवसा बँकेत काउंटरवर बसते, अचानक उद्भवणाऱ्या माणसांची तिला सवय आहे. ती हळूच पुढं आली, नायकाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मला आधी का न्हाई सांगितलंस?" तालमीत महिनाभर जो जिव्हाळा दिग्दर्शकांना काढता आला नव्हता तो मेलेल्या रेडकानं काढला. तिच्या पुढच्या वाक्याला तर शिट्ट्या पडल्या. संहितेत 'मी आता हे गाव सोडून जाणार नाही' असं होतं. तिनं सरळ मंगळवार पेठी लावली, "मी आता कुठं जात नसतो!" दिग्दर्शकांनी डोळे मिटून घेतले. गुरुजी उठून उभे राहिले आणि "वन्समोअर!" म्हणाले. पासवाल्याला वन्समोअर मागायचा हक्क आहे का, यावर आमच्या संस्थेत अजून एकमत नाही.

दुसऱ्या अंकात सगळ्यांना आठवण ठेवून अधूनमधून त्या रेडकाबद्दल हळहळावं लागलं.

पडदा पडल्यावर मामा पाचही माणसांना घेऊन विंगेत आले. मला वाटलं पैसे द्यायला आले. ते थेट नायिकेकडं गेले. "बाई, आमची एक हाय. तिसरं वेत. चार दिस झाले, सांच्याला दूध द्यायला कुरकुर करती. जरा बघून जाता काय?" ती म्हणाली, अहो मी बँकेत आहे. मामा म्हणाले, "असू दे की. तुमच्या हाताला गुण दिसतोय." नायक लगेच म्हणाला, "मी दावतो घर," आणि किल्ली घेऊन बाहेर पडला. नायिका चौथी पैठणी नेसूनच त्याच्या मोटारसायकलवर बसली. दिग्दर्शक मला म्हणाले, "हे तालमीत का केलं नाही यांनी?"

माझे साडेसातशे रुपये मात्र राहिलेच. हिशेब द्यायच्या दिवशी ते मी खिशातून भरले. मामांकडं मागायला गेलो तर त्यांनी चरवी पुढं केली. "पैसं काय घेऊन बसलाईस, दूध ने." तेव्हापासून रोज सकाळी लिटरभर म्हशीचं दूध घरी येतं. बायको कॅलेंडरवर खुणा करते. परवा मी म्हणालो, आता फिटले असतील, मामांना थांबायला सांगू. ती म्हणाली, "काय नको. पुढच्या नाटकाची पाच तिकिटं आजच देऊन ये त्यांना. आणि या वेळी दीडशेची नको, दोनशेची दे."