हेवी मेटल, निराशा आणि आपला मुलगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हेवी मेटल हा रॉक संगीताचा प्रकार म्हणजे मृत्यू आणि सैतान यांचा उदोउदो करणारा गोंगाट, तो तरुणांना निराशेत लोटतो आणि काळे कपडे घालून जमणारे त्याचे चाहते पाश्चात्त्यांची नक्कल करतात, असे आपण माझ्या लेखावर लिहिले आहे. आपल्या मुलाच्या काळजीपोटी आपण हे लिहिल्याचे जाणवते, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपण ज्याला गोंगाट म्हणता तो जड, खोल नाद इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतून आला. ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातील यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तोडली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटे नेमकी तीच होती. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्या सैल करून स्वर बराच खाली आणला. त्याआधी १९७० मध्ये आलेल्या दुसऱ्या अल्बमचे पहिलेच गाणे, गरिबांना रणांगणावर धाडून स्वतः सुरक्षित राहणाऱ्या सेनानींना आणि राजकारण्यांना धारेवर धरते. त्यात सैतान येतो तो पूजेसाठी नव्हे, तर या लोकांचा शेवट पाहून हसण्यासाठी.

नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्याच उपप्रकाराच्या वर्तुळातील काहींनी चर्च जाळली, खूनही केला. ते गुन्हेच होते आणि त्यांचे समर्थन मी कधीही करणार नाही. मात्र गाण्यातील छुप्या संदेशामुळे दोन तरुणांचा जीव गेला, हा ‘जुडास प्रीस्ट’वरील दावा १९९० मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात चालला, तेव्हा न्यायाधीशांनी बँडला जबाबदार धरले नाही, हेही लक्षात घ्यावे.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारपणात जो तो मला धीर धरायला सांगत होता. ते सारे प्रेमाने बोलत होते, पण माझ्या मनातल्या संतापाला त्या बोलण्यात कुठेच जागा नव्हती. ती मला या संगीतात मिळाली, कारण इथे दुःख लपवावे लागत नाही. त्याला ताल असतो, रचना असते आणि ते वाजवायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. मैफलीत मंचासमोर अंगावर अंग आदळत नाचणारा घोळका आपल्याला मारामारीसारखा वाटेल, परंतु कोणी पडला तर आजूबाजूचे लगेच थांबून त्याला उचलतात, हा तिथला पहिला नियम आहे. अनोळखी माणसांनी माझी अशी काळजी घेतलेली मी अनुभवली आहे.

नक्कल हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या मेटल बँडने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर अख्खा अल्बम केला. वाद्ये बाहेरून आली म्हणून संगीत परके ठरत असेल, तर हार्मोनियमविषयी आपण काय म्हणाल?

आपल्या मुलाला कपड्यांवरून बोलण्याऐवजी सध्या तो कोणते गाणे पुन्हा पुन्हा ऐकतो आणि त्यातले काय त्याला आपले वाटते, हे विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याची झोप उडाली असेल, जेवण कमी झाले असेल, मित्र तुटले असतील, तर मात्र वेळ न घालवता त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि हेडफोन त्याच्याकडेच राहू द्यावेत.