कुंकवाच्या बाजूचं पोर्ट

"नुसतं एक कार्ड तर वाढवायचंय, अर्ध्या तासाचं काम," असं म्हणून साहेब जेवायला गेले. साहेबांच्या हिशेबात सर्व्हरला नेटवर्क कार्ड बसवणं म्हणजे भिंतीवर कॅलेंडर टांगणं. खिळा आहे, कॅलेंडर आहे, आणखी काय हवं?

आमच्या सर्व्हरवर उबुंटू नावाचं लिनक्स आहे, तेही बिनखिडक्यांचं. काळी स्क्रीन आणि त्यावर आपली वाट बघत बसलेला कर्सर. मशीनला मुळात दोन पोर्टं, म्हणजे नेटवर्कची वायर खोचायची भोकं, होती, त्यात दोन पोर्टांचं नवं कार्ड खोचलं. एकातून इंटरनेट, दुसऱ्यातून आतलं ऑफिस, तिसऱ्यातून कॅमेरे, आणि चौथं 'असू दे, लागेल कधीतरी' या तत्त्वावर. आमच्या घरी श्रीखंडाचे रिकामे डबे याच तत्त्वावर साठतात.

पूर्वी कार्डांची नावं कशी घरगुती होती. ईटीएच०, ईटीएच१. थोरला, धाकटा. फक्त मशीन बंद करून चालू केलं की कधीकधी धाकटा थोरला होऊन बसायचा. त्यावर २०१३ साली सिस्टमडी या लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमवाल्यांनी उपाय काढला: ज्यांचा अंदाज बांधता येईल अशी नावं. म्हणून आता माझ्यासमोर उभे होते ईएनओ१, ईएनओ२, ईएनपी४एस०एफ० आणि ईएनपी४एस०एफ१. यातला पी४ म्हणजे चौथ्या क्रमांकाची बस, मशीनच्या आत कार्ड जिला जोडलेलं असतं ती. बस कुठे आहे याचा अंदाज पुण्यात राहणाऱ्या माणसाने बांधावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची.

बरं, नावं कळली तरी कुठलं नाव कुठल्या भोकाचं? त्यासाठी ईथटूल नावाची कमांड आहे. तिला 'वजा पी' लावून कार्डाचं नाव दिलं की त्या पोर्टाचा दिवा लुकलुकतो. पण मी खाली, सर्व्हर माळ्यावरच्या खोलीत. म्हणून आमचे शिपाईमामा वर, मोबाईल कानाला लावून.

"मामा, कुठला दिवा लुकलुकतोय?"

"सगळेच लुकलुकतायत, सर. दिवाळीच आहे इथं."

"जास्त घाईत कुठला आहे?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "कुंकवाच्या बाजूचा."

खुलासा असा, की खंडेनवमीला मामांनी इतर यंत्रांबरोबर सर्व्हरचीही पूजा केली होती. सर्व्हरचं तोंड कुठलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे हळदकुंकू मागच्या अंगाला, पोर्टांच्या शेजारी. मी वहीत लिहून घेतलं: ईएनओ१, कुंकवाच्या बाजूचं. ईएनओ२, त्याच्या उजवीकडचं. एफ०, झेंडूची पाकळी अडकलेलं. एफ१, उरलेलं.

मग नेटप्लॅनची, म्हणजे कुठल्या पोर्टाने काय करायचं हे उबुंटूला सांगणारी फाईल. ती यॅमल नावाच्या भाषेत लिहायची असते आणि तिथे सगळा मान ओळीआधीच्या मोकळ्या जागेला. स्पेस चालते, टॅब चालत नाही. आमच्या प्राथमिक शाळेत समास सोडला नाही म्हणून हातावर बाईंची पट्टी बसायची. त्या बाई निवृत्त होऊन पुढे कुठे गेल्या ते मला त्या दुपारी समजलं.

संध्याकाळपर्यंत तीन पोर्टं चालू करून मी विजयी मुद्रेने घरी गेलो. रात्री साडेदहाला साहेबांचा फोन. "घरून कॅमेरे दिसत नाहीयेत." मी जेवता जेवता एसएसएचने, म्हणजे घरबसल्या इंटरनेटवरून, सर्व्हरवर शिरलो. इंटरनेटच्या कार्डाला डिफॉल्ट गेटवे दिलेला होता. म्हटलं, कॅमेऱ्याच्या कार्डालाच का वंचित ठेवायचं? त्यालाही एक दिला. कागदावर किती न्याय्य वाटतं! पण डिफॉल्ट गेटवे म्हणजे 'कुठे जायचं कळत नसेल तर या दाराने जा' अशी पाटी. ती दोन दारांवर लावली की दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. माझी अक्षरं इंटरनेटच्या दाराने आत यायला लागली आणि त्यांची उत्तरं कॅमेऱ्यांच्या दाराने बाहेर. कर्सर थिजला, हातातला घास हातात.

'नेटप्लॅन ट्राय' म्हटलं असतं तर १२० सेकंद वाट बघून त्याने आपणहून जुनी मांडणी परत आणली असती. मी 'अप्लाय', म्हणजे थेट लागू कर, म्हणालो होतो. बसलो ती फांदी तोडताना करवतही स्वतःच धार लावून आणली होती म्हणायची.

साडेअकराला ऑफिसच्या दारात मी, किल्ली घेऊन आलेले मामा आणि वॉचमनचं कुत्रं. वर गेलो, कीबोर्ड जोडला, दुसरा गेटवे खोडला. चार ओळींचं काम. मामा बॅटरी धरून उभे होते. "सर, कुंकवाच्या बाजूची वायर काढून परत लावू का?" त्यांनी विचारलं. गेली पंधरा वर्षं झेरॉक्स मशीन ते याच पद्धतीने दुरुस्त करतात. नको म्हटलं.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा हातात ओलं फडकं घेऊन माळ्याकडे निघालेले दिसले. डबा तसाच उघडा टाकून मी त्यांना जिन्यात गाठलं.