पोरं मराठीच बोलतायत, लिपी मात्र सुटत चाललीय

"हल्लीच्या पोरांना ना धड मराठी येतं, ना धड इंग्रजी." हे इतक्या वेळा कानावर पडतंय की आता लिहायलाच हवं. मला हे अजिबात मान्य नाही.

माझी भाची नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, त्याने मला सरळ इग्नोर मारलं गं. मेसेज सीन करून ठेवलाय, रिप्लायच देत नाहीये. आणि वर इन्स्टावर स्टोऱ्या टाकतोय!"

यात इंग्रजी शब्द किती ते मोजत बसू नका, वाक्य कसं बांधलंय ते ऐका. चोरीच्या चोऱ्या होतात, तशा तिने स्टोरीच्या स्टोऱ्या केल्या. तो मेसेज, ती रील, ते अ‍ॅप. ही लिंगं तिला कोणी शिकवली? कुठल्याच पुस्तकात नाहीत ती. आणि 'मारणे' बघा. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, उडी मारतो. पोरं त्याच वळणाने लेक्चर बंक मारतात, एखाद्याला ब्लॉक मारतात. ज्याला मराठीचं व्याकरण आतून येतं त्यालाच हे जमतं. आपण तरी वेगळं काय केलं? फाईलच्या फायली आणि लाईनच्या लायनी आपल्याच पिढ्यांनी केल्या. पगार आणि चावी पोर्तुगिजांकडून आली, कागद आणि बाजार फारसीतून. मराठी त्याने बुडाली नाही.

मला काळजी वाटते ती लिपीची.

भाचीचे सगळे मेसेज मराठीत असतात, पण रोमन अक्षरांत. ही सवय तिच्या पिढीने लावलेली नाही, ती आपल्याकडून तिच्याकडे गेली. एसएमएसच्या काळात एका मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची आणि देवनागरी फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येकाची मोजणी वेगळी. 'शुभेच्छा' आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फोन ती आठ धरायचा. शिवाय समोरच्याच्या हँडसेटवर नुसते चौकोन उमटायचे ते वेगळंच. पैसे वाचवायचे आणि निरोप पोचवायचा, तर रोमनशिवाय इलाज नव्हता.

आता तो अडसर राहिलेला नाही. जीबोर्डवर रोमनमध्ये टाईप केलं तरी देवनागरी उमटते, बोललं तरी उमटते. आयआयटी मुंबईने तर 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड खास भारतीय लिप्यांसाठी बनवला. तरी पोरं रोमन सोडत नाहीत, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण आपण आहोत.

आमच्या घरच्या ग्रुपवरची गोष्ट. आजोबांच्या पंच्याहत्तरीला भाचीने चार ओळी देवनागरीत लिहिल्या. लहानपणी ते तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे, त्याची आठवण होती. शेवटी 'तुमचे आर्शिवाद असू द्या' असं होतं. नात्यातल्या एका काकांनी मिनिटभरात उत्तर टाकलं, "आशीर्वाद! मराठी शाळेत गेली होतीस ना?" त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग. सायकलबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर त्या ग्रुपवर तिने देवनागरीत एक ओळही लिहिलेली नाही.

रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ नसतं, रफार चुकत नाही. वेळ आणि वेल, काळ आणि काल, सगळं एकसारखं दिसतं. म्हणून तिथे कोणी चूक काढून हसू शकत नाही. पोरं तिथे सुखात असतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणतो.

२०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. मग घरातल्या पोराने देवनागरीत मोडकंतोडकं काही लिहिलं, तर आधी त्याने काय लिहिलंय ते वाचा आणि त्याला उत्तर द्या. वेलांटी चुकली असेल तर ते नंतर सांगा, एकट्याला सांगा, ग्रुपवर नको. पोरांशी आपणच रोमनमध्ये बोलत असू, तर तेही थांबवूया. आणि फोनमध्ये मराठी कीबोर्ड नसेल तर आज रात्री जेवणं झाली की पोरांना शेजारी बसवून दोघांच्याही फोनवर तो लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. पहिला मेसेज तुम्हीच पाठवा.