मनगट बघ, मनगट!

कोल्हापुरात जादूगार म्हणून पोट भरायचं ठरवलं तर पहिली अडचण ही, की इथल्या माणसाला फसायची अजिबात सवय नाही. आणि फसलोच तर ते कबूल करायची त्याहून नाही.

माझा धंदा क्लोजअप मॅजिकचा. पत्त्यांचा कॅट, चार नाणी, एखादा रुमाल, आणि हातभर अंतरावर बसलेली पाच-सहा माणसं. लग्न, बारसं, साठीशांत, काहीही चालतं. पण लोकांच्या डोक्यातला जादूगार म्हणजे फेटा, चमकीचा कोट आणि मोठी पेटी. त्यांचं तरी काय चुकतं? पी. सी. सरकार, पुण्याचे रघुवीर यांनी थिएटरं गाजवली ती मोठ्या खेळांवर. सरकारांनी 1956 साली बीबीसीवर मुलगी करवतीनं कापली आणि ती उठून बसायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. लोकांनी घाबरून इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी तुंबल्या. हे मी एका यजमानांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमच्यात पोरगी कापत न्हाईत व्हय?" त्यांच्या मुलीच्या लग्नाचंच बुकिंग होतं.

पेटी नाही म्हटल्यावर दर पाडायला सुरुवात. "नुसतं हात हलवायचं एवढं पैसं?" आता रिकाम्या दिसणाऱ्या तळहातात नाणं धरून त्याच हातानं सहज चहाचा कप उचलायला किती वर्षं जातात, हे कुणाला सांगणार? सांगितलं तर नाणं कुठं होतं तेही सांगावं लागतं. त्यावर हमखास येणारा सल्ला म्हणजे, "तू जादूगार न्हवं? काढ की हवेतनं पैसं!" हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की जगात तो पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. मीही पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो. दरात तेही धरलेलं असतं.

पण खरी गोम कुस्तीत आहे. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, मधे लाल मातीचा आखाडा आणि चहूबाजूंनी माणसं, त्या गावाला समोर बसून बघणं माहीतच नाही. आमच्या धंद्यात प्रेक्षक समोर हवा आणि पाठीशी भिंत हवी. कोल्हापूरकर मात्र आपसूक रिंगण करून उभा राहतो, त्यातले दोघं नेमके माझ्या मागं. वर नजर तयार. पैलवान वर हाताला झोंबतो तेव्हा त्याचा जीव खालच्या पटात, म्हणजे पाय ओढायच्या डावात असतो, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. जादूगार जिकडं बघतो तिकडं प्रेक्षक बघतो, हा जगभर चालणारा नियम. मी उजवा हात उंच करून गोड बोलायला लागलो की मागून आवाज येतो, "तिकडं बघू नगंस, मनगट बघ, मनगट!"

जगप्रसिद्ध जादूगार हुदिनीची अशीच खुमखुमी होती. पत्त्यांची कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी ओळखतो, म्हणायचा. 1922 साली शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या पत्त्यांच्या जादूगारानं त्याच्याच सहीचा पत्ता कॅटाच्या मधे घातला आणि वर काढला. पुन्हा मधे, पुन्हा वर. हुदिनीला काही उमगेना. पुढं जन्मभर 'हुदिनीला फसवणारा माणूस' हीच व्हर्ननची ओळख झाली. तीच जादू मी राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये केली. समोरच्या काकांनी पत्त्यावर ऐसपैस सही केली. पत्ता मधे घातला, वर आला. "परत." परत वर आला. "आता हळू." हळू केलं. काका शांतपणे म्हणाले, "सगळ्या पानांवर माझी सही हाय." मी अख्खा कॅट टेबलावर पसरला. सही एकाच पत्त्यावर. काका म्हणाले, "मग आत्ता पुसलीस." ह्यात हुदिनीसुद्धा फसला होता, असं माझ्या तोंडून निघालं. काका म्हणाले, "तो कुठल्या तालमीचा?"

जेवणाचा प्रश्न वेगळाच. जेवणाआधी लोकांना भूक असते, नंतर झोप येते, आणि मधल्या वेळात हात तांबड्या रश्श्यात. "कुठलाही एक पत्ता काढा" म्हटलं की तर्रीनं माखलेली दोन बोटं पुढं येतात. इस्पिकच्या राजाला असा टिळा लागला की तो कॅट संपला. पुढच्या टेबलावरचा माणूस तो पत्ता वासावरून ओळखतो. पावसाळ्यात तर पत्ते फुगून असे आडमुठे होतात की पिसताना आवाजच येत नाही. सराव घरी करावा, तर बायको भाजी चिरताना मान वर न करता म्हणते, "चौकटची सत्ती. आणि गॅस बारीक करा." सत्तीच असते. कशी ओळखते, ते मला अजून सांगत नाही.

नाण्यांची कथा थोडी महाग आहे. आताचा नवा रुपया 20 मिलिमीटरचा; मोठ्या तळव्यात तो माझा मलाच सापडत नाही. अमेरिकेतले जादूगार अर्धा डॉलर वापरतात, 30.6 मिलिमीटरचा. जुना राणीछाप चांदीचा रुपया जवळजवळ तेवढाच, शिवाय साडेअकरा ग्रॅमच्या वर वजन, आणि आवाज असा की झोपलेला पाहुणाही डोळे उघडतो. म्हणून गुजरीत जाऊन चार राणीछाप घेतले. सराफानं विचारलं, "लक्ष्मीपूजनाला?" मी म्हटलं, "गायब करायला." त्यांनी पैसे आधी मागितले.

ते घेऊन शिवाजी पेठेत एका बारशाला गेलो. पुढच्या खुर्चीत पाळण्यातल्या बाळाचे पणजोबा, वस्ताद. पटका, कान मोडलेले, हात माझ्या मांडीएवढे. मी एक राणीछाप त्यांच्या मुठीत दिला, दुसरा माझ्या मुठीत ठेवला. "वस्ताद, मूठ घट्ट मिटा." मिटली. हाडं वाजल्याचं मी ऐकलं. मग त्यांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं. "आता कर." आजूबाजूला एकदम शांत. कुणीतरी मोबाइल वर केला. मी फुंकर मारली, माझी मूठ उघडली, रिकामी. त्यांनी आपली उघडली, आत दोन राण्या.

आख्खं बारसं ओरडलं. शिट्ट्या झाल्या, पोरांनी हलगी नसल्यानं स्टीलचं ताट बडवलं. वस्तादांनी नाणी उलटीपालटी करून बघितली, एकमेकांवर वाजवली, माझी पाठ थोपटली (ती दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती) आणि म्हणाले, "गडी तयार हाय. अंगानं बारीक हाय, दूध पी."

मग दोन्ही रुपये बंडीच्या खिशात टाकले.

मी हळूच म्हटलं, "वस्ताद, ती नाणी..."

"काय?"

"नाही, म्हणजे ती जादूची होती."

"माझ्या मुठीत घावली न्हवं?" वस्ताद म्हणाले. "मारल्याली कुस्ती परत मागतंय व्हय कोण?"