‘दाखल केलं की माणूस परत येत नाही’ हे पुढे पाठवणाऱ्यांसाठी

माझी मावशी कळव्याला राहते. वय 61, मधुमेह जुना. गेल्या महिन्यात चार दिवस ताप-खोकला अंगावर काढला आणि ऐरोलीत राहणाऱ्या मला, भाचीला, साधा फोन केला नाही. कारण सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘स्वाइन फ्लूचा पेशंट दाखल केला की परत येत नाही. घरीच ठेवा. कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगा. टॅमिफ्लूने किडनी जाते. चिकन-मटण बंद करा.’ पाचव्या दिवशी जिना चढताना ती मध्येच बसली, तेव्हा काकांनी मला बोलावलं. रक्तातला ऑक्सिजन 88 टक्क्यांवर.

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तेच. 2009 ची स्वाइन फ्लूची साथ सुरू झाली तेव्हा अमेरिकेत दाखल झालेल्या 272 रुग्णांची नोंद त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. 67 जणांना आयसीयूत ठेवावं लागलं. 19 दगावले, म्हणजे शंभरात सात. आणि त्या 19 जणांपैकी एकालाही आजार सुरू झाल्यापासून पहिल्या 48 तासांत विषाणूविरोधी औषध (टॅमिफ्लू हे त्यातलंच) मिळालं नव्हतं. रुग्णालयाने माणूस खाल्ला असं ज्याला म्हणता, त्यात उशिराचा वाटा किती असतो ते यावरून बघा. फुप्फुसात न्यूमोनिया पसरल्यावर, थेट व्हेंटिलेटरच्या वेळी आणलेला माणूस वाचवणं अवघड असतंच. त्याला तिथपर्यंत घरी बसवून कोण ठेवतं? हा मेसेज.

त्या 272 मधल्या 73 टक्क्यांना आधीपासून काही ना काही होतं: दमा, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण. उरलेले धडधाकट होते, तेही दाखल झालेच. आकडे अमेरिकेतले आहेत, इथे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करते. बहुतेकांना दाखल व्हावं लागत नाही. सरकारी सूचनांतही साधा ताप, घसा, खोकला असेल तर घरीच राहा आणि एक-दोन दिवस लक्ष ठेवा असंच आहे. पण धाप, छातीत दुखणं, ग्लानी, थुंकीत रक्त, निळी नखं, यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब दाखल करा, हेही त्याच सूचनांत आहे. ते का गाळलंत?

टॅमिफ्लू लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनीच्या रुग्णाला डोस कमी देतात. त्याचं ‘किडनी जाते’ झालं! मळमळ, उलटी होते, ती खरी. चिकन-मटणाचा संबंधच नाही; हा आजार खोकल्या-शिंकांतून माणसाकडून माणसाला होतो.

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, विषाणूला काही होत नाही. मावशीने मात्र ती पुरचुंडी दोन वर्षांच्या नातवाच्या गळ्यातही बांधली होती. एवढ्या लहान मुलाने कापूर तोंडात घातला तर झटके येतात. मी ती आधी कापून टाकली, मग मावशीला रिक्षात बसवलं.

मावशी नवव्या दिवशी घरी आली, अजून खोकते. तिच्याच मजल्यावर सात महिन्यांची गरोदर मुलगी आहे, मेसेज तिलाही गेलाय. काल तिच्या दारात उभी राहून सांगून आले: तुला ताप-खोकला आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुझ्या अवस्थेत रिपोर्टची वाट न बघता टॅमिफ्लूच्या गोळ्या सुरू करतात.